सनद कुणाच्या जिवावर चालते?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त आहे भाच्याच्या एका प्रश्नाचं. भाचा शिरूर अनंतपाळलाच राहतो, नोकरीला रोज लातूरला जाऊन-येऊन करतो. त्याला ऑनलाइन एमबीए करायचंय. फी हप्त्यानं, क्लास रात्री मोबाइलवर, परीक्षाही घरी बसून. सगळं ठरवून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, ही डिग्री पुढं चालंल का? वीस वर्षांनी ती युनिव्हर्सिटीच बुडली तर माझ्या कागदाचं काय?"

मला हा प्रश्न फार आवडला. पोरं सहसा विचारतात की पगार किती वाढेल. फोनवर मी त्याला थोडक्यात उत्तर दिलं. हे लांबलेलं उत्तर त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठी. जरा मागं जावं लागेल, कारण आपल्या भागात हा प्रश्न नवा नाही. आपल्याकडं विद्यापीठच काय, अख्खं राज्य बुडालेलं लोकांनी पाहिलंय.

आमच्या घरात 'डिग्री' हा शब्द यायच्या आधी 'सनद' हा शब्द होता. आजोबा उस्मानिया मॅट्रिक. शिक्षण उर्दूतून, कारण निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण म्हटलं की उर्दू. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालचं. आधुनिक विषय उर्दूतून शिकवणारं म्हणून त्याचं मोठं नाव होतं. त्यासाठी निजामानं भाषांतराचा एक वेगळा विभागच उघडला होता. घरी मराठी, बाजारात मराठी आणि भूमिती उर्दूत! आजोबा म्हातारपणी सुद्धा त्रिकोणाला 'मुसल्लस' म्हणायचे आणि आम्ही पोरं हसायचो.

त्यांच्या सनदेवर जिल्हा होता बीदर. अनेकांना हे माहीत नसतं, म्हणून सांगतो. शिरूर तेव्हा निलंगा तालुक्यात होतं, आणि निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तिन्ही तालुके बीदर जिल्ह्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, हे तीन तालुके मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १९६० साली महाराष्ट्र झाला. १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला. १९९९ साली शिरूर अनंतपाळ स्वतःच तालुका झालं. आजोबा गाव न सोडता इतक्या सरकारांत आणि इतक्या जिल्ह्यांत राहिले. मास्तरकी उस्मानाबाद जिल्ह्यात केली, पेन्शन लातूर जिल्ह्यातून घेतली, आणि या सगळ्याचा आधार काय, तर संपलेल्या राज्यातल्या विद्यापीठाचा उर्दू कागद.

आता याच काळातल्या दुसऱ्या कागदांचं काय झालं ते बघा. निजामाचा हाली सिक्का चलनातून गेला. जहागिरीच्या सनदा होत्या, शिक्के मारलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जपलेल्या. १९४९ च्या जहागीर निर्मूलनानंतर त्यांची रद्दी झाली. शाळेची सनद मात्र चालली. कारण जहागीर मोडायची हे नव्या सरकारनं ठरवलं होतं, आणि मास्तर, तलाठी, कारकून हे त्याच सरकारला हवे होते. शिवाय उस्मानिया विद्यापीठ स्वतः जिवंत राहिलं. शिक्षणाचं माध्यम बदललं, वरचं सरकार बदललं, पण दप्तर जागेवर होतं. इकडं २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजसारखी, १९५० पासून उस्मानियाला जोडलेली कॉलेजं या नव्या विद्यापीठाकडं आली. एकानं सोडलं आणि दुसऱ्यानं धरलं, मध्ये पोकळी राहिली नाही.

पोकळी राहिली असती तर काय झालं असतं, याची चुणूक त्याआधी वीस वर्षं मिळाली होती. १९३८ साली औरंगाबादच्या इंटर कॉलेजात आणि हैदराबादेत विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणायचा हट्ट धरला. उस्मानियानं शेकडो पोरांना काढून टाकलं. या पोरांची फी भरलेली, वर्षं गेलेली, आणि हातात काहीच नाही. त्यांना नागपूर विद्यापीठानं दार उघडलं. कुलगुरू होते केदार. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच काढून टाकलेल्या मुलांपैकी. नागपूरनं नाही म्हटलं असतं, तर निम्म्यावर तुटलेलं शिक्षण घेऊन ही मुलं गावाकडं परतली असती. ज्याची पदवी पूर्ण झालीय आणि जो मध्येच अडकलाय, या दोघांच्या नशिबात फार अंतर असतं. भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. ते पुढं येईलच.

पैशाचं काय? आपल्याकडं एक गोड समज आहे की संस्थेकडं पैसा भक्कम असला की पदवीही भक्कम. तसं असतं तर महर्षी कर्व्यांच्या विद्यापीठाची गोष्ट वेगळी झाली असती. १९१६ साली अण्णांनी महिला विद्यापीठ काढलं ते वर्गणी मागून. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्या काळातले १५ लाख! विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं. शिक्षण मातृभाषेतून, पदवीचं नाव 'गृहीतागमा', म्हणजे जी. ए. नाव किती सुंदर आहे बघा. पण सरकारदरबारी या पदवीला बी. ए. ची किंमत नव्हती. कायद्यानं विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो थेट १९५१ साली, म्हणजे स्थापनेनंतर ३५ वर्षांनी. तोवर शिकलेल्या बायका शिकलेल्याच होत्या हो, अनेकींनी शाळा चालवल्या, पण सरकारी नोकरीच्या अर्जात तो कागद लंगडा पडायचा. पैसा होता, माणसं सचोटीची होती, शिक्षण चांगलं होतं. पदवी द्यायचा कायद्यानं दिलेला अधिकार तेवढा नव्हता.

आता याच्या उलट टोकाला जाऊ. २००२ साली छत्तीसगड सरकारनं खासगी विद्यापीठांचा कायदा केला. त्यातली सोय अशी की सरकारनं राजपत्रात नाव छापलं की झालं विद्यापीठ. थोड्याच काळात ११२ विद्यापीठं निघाली. एकाच राज्यात, ११२! काहींचा कारभार एका खोलीतून चालायचा. काहींनी राज्याबाहेर, देशभर केंद्रं काढायची तयारी केली. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. तेच शास्त्रज्ञ यशपाल, जे दूरदर्शनवर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे आणि एके काळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. ११ फेब्रुवारी २००५ ला न्यायालयानं त्या कायद्याची संबंधित कलमं रद्द केली आणि ती सगळी विद्यापीठं एका दिवसात विद्यापीठं राहिली नाहीत. मुलांसाठी एवढंच सांगितलं, की त्या संस्था राज्यातल्या आधीपासूनच्या विद्यापीठांशी जोडून घेण्यासाठी सरकारनं पावलं उचलावीत. पुन्हा तेच, नागपूरसारखं कुणीतरी दार उघडायला हवं.

पण छत्तीसगड निदान लवकर निस्तरलं. मला जास्त हादरवणारं प्रकरण २०१७ चं आहे. आपल्याकडं डिप्लोमा करून नोकरीला लागलेले पुष्कळ जण असतात. बांधकाम खात्यात, पाटबंधाऱ्यात, वीज कंपनीत. बढतीसाठी डिग्री लागते आणि नोकरी सोडता येत नाही. देशभर अशा लोकांनी २००१ पासून पत्राद्वारे इंजिनिअरिंगच्या पदव्या घेतल्या. उदयपूरचं राजस्थान विद्यापीठ, सरदारशहरची एक संस्था, अलाहाबादची एक, सेलमची एक, अशी चार अभिमत विद्यापीठं त्यात होती. या अभ्यासक्रमांना तंत्रशिक्षण परिषदेची परवानगीच नव्हती. ओडिशातल्या बढतीच्या एका भांडणातून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ३ नोव्हेंबर २०१७ ला निकाल लागला. २००१ ते २००५ या सत्रांतल्या विद्यार्थ्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, परिषदेची परीक्षा पास झालात तरच त्या परत मिळणार. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या तर सरळ रद्द. जानेवारी २०१८ मध्ये थोडी सवलत मिळाली आणि परीक्षेचा निकाल लागेपर्यंत पहिल्या गटाच्या नोकऱ्या वाचल्या. विचार करा, चाळिशी ओलांडलेला, पोरं कॉलेजात गेलेली, दोन बढत्या घेतलेला माणूस २०१८ च्या जूनमध्ये पुन्हा परीक्षेच्या बाकावर!

आणि यातली कुठलीच संस्था बुडालेली नव्हती. उदयपूरचं विद्यापीठ १९३७ पासूनचं आहे, आजही आहे. म्हणजे आजोबांच्या बाबतीत राज्य बुडालं आणि सनद टिकली, इथं संस्था टिकली आणि सनद बुडाली. भाच्याला मी हेच सांगितलं, की बाबा, 'बुडली तर काय' हा प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की ज्या वर्षी तू प्रवेश घेतोस त्या वर्षी, त्याच अभ्यासक्रमाला, त्याच पद्धतीनं पदवी द्यायचा अधिकार त्या संस्थेला आहे का? तो अधिकार असेल तर संस्था नंतर बंद पडली तरी पदवी मागं जाऊन खोटी ठरत नाही. नसेल तर संस्थेची इमारत दहा मजली असून उपयोग नाही.

'त्या वर्षी' यावर मी मुद्दाम जोर देतोय. निलंग्याहून बीदर जवळ पडतं, त्यामुळं कर्नाटकाच्या गोष्टी आपल्याकडं लगेच कळतात. मैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ सरकारी, खासगी नव्हे. पण त्यानं राज्याबाहेर खासगी भागीदारांमार्फत केंद्रं चालवली आणि २०१५ च्या जूनमध्ये अनुदान आयोगानं जाहीर केलं की २०१२-१३ नंतर या विद्यापीठाला मान्यता नाही. म्हणजे २०१३-१४ ला प्रवेश घेतलेल्या पोराला दोन वर्षांनी कळलं. २०१८ ला मान्यता परत आली, पण ती पुढच्या प्रवेशांना. मधल्या मुलांचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. विद्यापीठ तेच, अभ्यासक्रम तोच, पुस्तकंही बहुधा तीच. फक्त साल चुकलं.

आता पैशाकडं वळतो, कारण भाच्याचा रोख तिकडं होता. नफ्यासाठी चालणारी ऑनलाइन विद्यापीठं ही मूळची अमेरिकेची गोष्ट. फिनिक्स विद्यापीठ १९७६ चं, २०१० च्या सुमारास तिथं साडेचार लाखांवर विद्यार्थी होते. अशा संस्थांची गंमत अशी, की त्यांचं उत्पन्न विद्यार्थ्याच्या खिशातून कमी आणि सरकारी शैक्षणिक कर्जातून जास्त यायचं. फीचे पैसे आले की जाहिरातीत आणि प्रवेश आणणाऱ्या माणसांच्या पगारात जायचे. विद्यार्थ्याला दिलेलं वचन मात्र त्याच्या उरलेल्या आयुष्याचं. त्यासाठी वेगळं काही बाजूला ठेवलेलं नसे.

कोरिंथियन कॉलेजेस नावाची कंपनी याचा नमुना. तिच्या 'एव्हरेस्ट' कॉलेजांत वर्गही होते आणि ऑनलाइन शिक्षणही. २०१४ च्या जूनमध्ये सरकारनं तिला मिळणारा कर्जाचा पैसा फक्त २१ दिवस उशिरा देऊ असं म्हटलं. झालं! एवढी मोठी कंपनी, पण तीन आठवडे तग धरायला तिच्याकडं रोकड नव्हती. (आपल्याकडचा किराणा दुकानदार यापेक्षा जास्त दिवस उधारीवर काढतो.) एप्रिल २०१५ मध्ये उरलेली २८ केंद्रं एका दिवसात बंद झाली आणि सुमारे १६ हजार विद्यार्थी रस्त्यावर आले. पुढच्याच वर्षी आयटीटी टेक ही साखळी तशीच बुडाली.

पण तिथंही ज्यांची पदवी पूर्ण झाली होती ती कायद्यानं पदवीच राहिली. नाव मात्र इतकं बदनाम झालं होतं की नोकरीच्या अर्जात ते लिहायला माणूस कचरायचा. मध्येच अडकलेल्यांचे हाल झाले, कारण त्यांचे क्रेडिट दुसरी कॉलेजं घेईनात. कर्जाचं ओझं तर दोघांवरही होतं. शेवटी जून २०२२ मध्ये अमेरिकन सरकारनं कोरिंथियनच्या ५ लाख ६० हजार कर्जदारांचं ५८० कोटी डॉलरचं कर्ज माफ केलं, कंपनी बुडाल्यावर सात वर्षांनी.

आपल्याकडं कागदोपत्री नफ्यासाठी विद्यापीठ काढता येत नाही. न्यास, सोसायटी किंवा ना-नफा कंपनी हवी. २००२ च्या टी. एम. ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी चालणार नाही. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ऑनलाइन शिक्षणात तर पदवी विद्यापीठाची आणि जाहिरात, ॲप, फोन करून करून जीव नकोसा करणारी मुलं ही एखाद्या कंपनीची, अशी रचना असते. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. अमेरिकेतली टू-यू ही अशीच कंपनी, नामवंत विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणारी. तिनं २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरला एडएक्स घेतलं आणि जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या विद्यापीठांच्या पदव्यांना काही झालं नाही, कारण सही विद्यापीठाची होती. म्हणून भाच्याला विचारलं, कागदावर सही कुणाची येणार? तो म्हणाला, "ॲपचं नाव माहीत आहे, युनिव्हर्सिटीचं बघावं लागंल." म्हटलं बघ आधी. अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि प्रवेशाचं सत्र तिन्ही जुळलं पाहिजे. त्या पानाची प्रत काढून फीच्या पावतीसोबत ठेव. सगळी फी एकदम भरू नकोस, सत्राची सत्राला भर, म्हणजे दोर तुटला तर निम्मे पैसे तरी हातात राहतील. आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं काय वाईट आहे? १९८९ पासून आहे, राज्याच्या कायद्यानं आहे. पण जाहिरातीत दिसत नाही म्हणून पोरांना ते आठवत नाही.

राहता राहिलं दप्तर. याबद्दल कुणी बोलत नाही. पदवी खरी आहे हे वीस वर्षांनी सांगणार कोण? नवीन कंपनी पडताळणीसाठी पत्र पाठवते, तेव्हा कुणीतरी नोंदवही उघडून 'होय' म्हणावं लागतं. अमेरिकेत कॉलेज बंद पडलं की गुणपत्रकांचं दप्तर बहुधा राज्याच्या एखाद्या कार्यालयाकडं जातं. आपल्याकडं आता डिजिलॉकर आलंय, विद्यापीठानं त्यात पदवी चढवली असेल तर निम्मी काळजी मिटते. चढवलीय का हे मात्र आपणच बघायचं.

माझी पदवी १९९१ ची, लातूरची, मराठवाडा विद्यापीठाची. १४ जानेवारी १९९४ ला त्या विद्यापीठाचं नामविस्तार होऊन नाव बदललं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं आणि लातूर तिकडं गेलं. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. म्हणजे माझ्या पदवीवरचं विद्यापीठाचं नाव, शहराचं नाव, सगळं जुनं. दुसरी प्रत लागली तर मला संभाजीनगरला जावं लागतं. धाकटी बहीण त्याच कॉलेजातून १९९८ ला पास झाली, तिला नांदेडला. कटकट आहे, पण दोन्हीकडं खिडकी आहे आणि खिडकीमागं माणूस आहे.

त्याच बहिणीनं पदवीनंतर लातूरच्या एका कॉम्प्युटर संस्थेचा वर्षाचा डिप्लोमा केला होता. नाव घेत नाही. सोनेरी अक्षरांचं प्रमाणपत्र, कोपऱ्यात परदेशी वाटणारा शिक्का. आण्णांनी सोयाबीन विकून फी भरली होती. दोन-तीन वर्षांनी ती एका नोकरीसाठी पडताळणीचं पत्र आणायला गेली, तर त्या गाळ्यात मोबाइलचं दुकान. दुकानदार म्हणाला, "ताई, तुमच्यासारखे महिन्याला दोघंतिघं येतात." ती नोकरी तिला पदवीवर मिळाली, डिप्लोमाचा रकाना तिनं कोराच ठेवला.

आजोबांची सनद आता माझ्याकडं आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. कडा झिजल्यात, शाई तपकिरी झालीय. गेल्या वर्षी उदगीरच्या एका निवृत्त गुरुजींकडून वाचून घेतली, तेव्हा कळलं की आजोबा गणितात पहिल्या वर्गात होते. जन्मात कधी बोलले नाहीत! निलंगा, उदगीर, अहमदपूरकडच्या नातेवाइकांनो, तुमच्याकडं कुणाच्या पेटीत अशी उर्दू सनद असेल तर टाकून देऊ नका. फोटो काढून मला पाठवा, गुरुजी हौसेनं वाचून देतात. फक्त त्यांना दुपारी फोन करू नका, झोपलेले असतात.